तळे राखील तो पाणी चाखील : सामाईक रानाच्या राखणीचा एक पाठ

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपल्याकडे बहुधा उपरोधाने वापरली जाते. ज्याच्या हाती कारभार, तो त्यातला घोटभर घेणारच, असा तिचा रूढ अर्थ. परंतु हीच म्हण उलट बाजूने वाचून पाहावी. ज्यास पाणी चाखावयास मिळत नाही तो तळे राखीत नाही. आणि जो राखीत नाही त्यास मन मानेल तसे चाखू दिले, तर तळेच उरत नाही. गावाचे रान, ओढा, कुरण, देवराई, तलावातील मासळी ह्या सर्वांची गोष्ट अशीच आहे. राखण एकाकडे व चाखण दुसऱ्याकडे, अशी फारकत जेथे जेथे झाली तेथे तेथे सामाईक वस्तूचा नाश झाला; आणि जेथे दोन्ही एकाच हाती, पण मापात राहिली, तेथे ती वस्तू पिढ्यानपिढ्या टिकली. प्रस्तुत लेखात तळेघर भागाचे उदाहरण घेऊन ह्या तत्त्वाचा विचार करावयाचा आहे.

सामाईक वस्तूची अडचण

आपल्या शेताची राखण कशी करावी, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. बांध फुटला तर तो रात्री उठून जातो, कारण वाहून गेलेली माती त्याची स्वतःची असते. सामाईक वस्तूचे तसे नाही. तिच्यात दोन गुण एकत्र असतात. पहिला, तिच्यापासून कोणास दूर ठेवणे कठीण. दुसरा, एकाने जे नेले ते दुसऱ्यास उरत नाही.

एक साधा हिशेब पाहू. समजा, एका गावात २० घरे आहेत व गावाच्या कुरणात १०० गुरांपुरते गवत आहे. प्रत्येक घराने ५ गुरे सोडावी असा प्रघात आहे. आता एका घराने सहावे गुरू सोडले. त्या गुराचा सारा फायदा त्या एकट्याचा. गवत कमी पडल्याचा तोटा मात्र वीस घरांत वाटला गेला. त्यास ते सोडणे किफायतशीरच वाटणार. पण हाच विचार वीसही घरांनी केला तर कुरणात १२० गुरे झाली; गवत मुळासकट खुडले गेले, आणि पुढील वर्षी १०० गुरांचीही सोय राहिली नाही. कोणीही दुष्टपणा केला नाही, तरी सर्व बुडाले.

गॅरेट हार्डिन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली अशाच कुरणाचा दाखला देऊन असा निष्कर्ष काढला की, सामाईक वस्तू एकतर खाजगी मालकीची करावी किंवा सरकारी अंमलाखाली आणावी. हे मत पुष्कळ वर्षे प्रमाण मानले गेले. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीने देशोदेशीची कुरणे, पाट, मासेमारीच्या जागा व राने ह्यांची तपासणी करून १९९० साली दाखवून दिले की, हार्डिनने वर्णिलेले कुरण सामाईक नव्हतेच. ते बेवारशी होते. सामाईक म्हणजे ज्यास धनी पुष्कळ आहेत व ज्यास नियम आहेत असे. बेवारशी म्हणजे ज्यास धनीही नाही व नियमही नाही. ह्या कार्याबद्दल ऑस्ट्रॉम ह्यांस २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा भेद आपल्या गावकऱ्यास नवा नाही. गायरान व पडीक ह्यांतील फरक तो जाणतोच. मात्र अलीकडे कित्येक गायराने पडिकाच्या दशेस पोहोचली आहेत, हे दुःख आहे.

तळेघरचा मुलूख

घोडेगावाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या वाटेवर, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस तळेघर हे गाव आहे. उत्तरेस जुन्नर तालुक्याचा डोंगराळ भाग, पश्चिमेस सह्याद्रीची धार व तिच्याखाली कोकण. ह्या धारेवर पाऊस धो धो पडतो आणि पूर्वेकडे जावे तसतसा झपाट्याने कमी होतो. वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी समाजाची. पिके भात, नाचणी व वरई. भाताची खाचरे थोडी, उतार फार. म्हणून येथील कुटुंबाचा संसार केवळ सातबाऱ्यावर चालत नाही. हिरडा, बेहडा, आवळा, करवंदे, मध, गवत व सरपण ह्यांवर त्याचा मोठा भार असतो.

वरील रानाचे पाणी खाली घोड नदीस मिळते व डिंभे धरणात साठते. हे धरण कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी एक होय. म्हणजे तळेघरच्या डोंगरावर झाड राहिले की गेले, बांध टिकला की फुटला, ह्याचा परिणाम धरणाखालील तालुक्यांतील बागायतदाराच्या पाटापर्यंत पोहोचतो. डोंगरावरची माती वाहिली तर ती शेवटी धरणाच्या पोटात गाळ होऊन बसते. सबब, हा पाठ डोंगरकरी वाचकांसच नव्हे, तर खालच्या ऊसवाल्यांसही तितकाच लागू आहे.

हिरड्याचा हिशेब

ह्या भागात रोख पैसा देणारे झाड म्हणजे हिरडा. आत बी धरण्यापूर्वीचे कोवळे फळ तोडून वाळविले म्हणजे त्यास बाळहिरडा म्हणतात. पूर्ण पोसून पिकलेल्या मोठ्या फळास सुरवारी हिरडा हे नाव आहे. फळात टॅनिन विपुल असल्याने चामडे कमाविण्यास व रंगकामास त्याचा उपयोग होतो, आणि त्रिफळाचूर्णातील तीन फळांपैकी ते एक आहे. बाळहिरड्यास पिकल्या फळापेक्षा भाव अधिक मिळतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी, उन्हाळ्याच्या दिवसांत, घरातील लहानथोर सर्व माणसे तोडणीस लागतात. १९७२ साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाने ह्या भागात हिरड्याची खरेदी केलेली आहे. खाजगी व्यापारीही घेतात. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग वादळाने जुन्नर व आंबेगावच्या डोंगरांत हिरड्याची मोठी हानी केली, तेव्हा भातापेक्षाही ह्या झाडाच्या नुकसानीची हळहळ घराघरांत व्यक्त झाली. ह्यावरून ह्या फळाचे महत्त्व ध्यानात यावे.

मालकीच्या बांधावरील झाड मालकाचे. त्याची तोडणी मालक आपल्या सवडीने करतो. प्रश्न आहे तो रानातील झाडांचा. तेथे ‘आज मी तोडला नाही तर उद्या दुसरा तोडील’ हा धाक प्रत्येकास असतो. ह्या धाकाचे तीन परिणाम होतात. पहिला, फळ पुरते भरण्यापूर्वीच तोडले जाते. वाळल्यावर वजन भरत नाही व भावही उतरतो. दुसरा, घाईत फळाऐवजी फांदीच ओरबाडली जाते. त्या फांदीवरचे पुढील वर्षांचे उत्पन्न बुडते. तिसरा परिणाम डोळ्यांस दिसत नाही व म्हणूनच तो अधिक घातक आहे. बाळहिरडा म्हणजे बी न धरलेले फळ. रानातील प्रत्येक झाडाचे प्रत्येक फळ कोवळेपणीच खुडले गेले, तर बी पडणार कोठून? हिरड्याचे बी आधीच कठीण कवचाचे. त्याची उगवण सावकाश व कमी. जुने झाड दीर्घकाळ जगते, म्हणून रान भरलेले दिसते. परंतु त्याखाली रोपे नसतील, तर ते रान वारस नसलेल्या घरासारखे आहे. त्याचा शेवट आजोबांस दिसत नाही, नातवास दिसतो.

ह्यावर उपाय महाग नाही. तोडणीचा पहिला दिवस ग्रामसभेने ठरवावा व त्यापूर्वी रानातील झाडास कोणी हात लावू नये. कोयता व कुऱ्हाड घेऊन झाडावर चढू नये. काही चांगली, निरोगी झाडे खूण करून बियाण्यासाठी राखावी. त्यांची फळे पिकून पडू द्यावी. किती झाडे राखावयाची हे प्रमाण गावाने रान पाहून ठरवावे. आणि वाळविलेला माल सर्वांनी मिळून एका काट्यावर घालावा. कारण एकटा विकणारा व्यापाऱ्यापुढे नेहमी वाकतो, आणि ज्याची गरज आजची असते तोच कच्चा माल तोडून आणतो. भाव व शिस्त ह्या एकमेकींच्या बहिणी आहेत.

देवराई : जुना कायदा

बियाण्याची झाडे राखण्याची कल्पना नवी नाही. आपल्या पूर्वजांनी ती देवाच्या नावाने अमलात आणली होती. आहुप्याच्या बाजूस व एकंदर सह्याद्रीच्या माथ्यावर देवराया आहेत. देवराईत कुऱ्हाड चालवावयाची नाही, वाळके लाकूडही घरी न्यावयाचे नाही; गावाच्या कामास लाकूड हवेच असेल तर देवास कौल लावावा, असा अनेक ठिकाणी शिरस्ता होता. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक ह्या अभ्यासकांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी करून त्यांचे महत्त्व विद्वानांपुढे मांडले. इतरत्र तुटून गेलेली झाडे व वेली ह्या लहानशा रायांत शिल्लक राहिल्या होत्या. आणि कित्येक रायांच्या पायथ्याशी बारमाही झरे होते.

ह्या व्यवस्थेकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहू नये. तीत हद्द ठरलेली होती, नियम सर्वांस ठाऊक होता, अपवाद कसा मागावा ह्याची रीत होती, आणि चोरी झाली तर ती लपत नसे. कौल लावणे म्हणजे, दुसऱ्या शब्दांत, एकट्याच्या गरजेची चौघांदेखत चौकशी करणे होय. तथापि केवळ भीतीवर उभा असलेला नियम भीती सरली की ढासळतो. लाकडास व कोळशास भाव आला तेव्हा सह्याद्रीतील मालकीची राने भट्ट्यांत गेली, आणि काही ठिकाणी देवरायाही वाचल्या नाहीत. देवावरील श्रद्धा असो वा नसो, राई का राखावयाची ह्याचे कारण मुलांस समजले पाहिजे. झरा आटला तर हंडा कोठून भरावयाचा, हे कारण पुरेसे आहे.

पडकई : श्रमाची सामाईक ठेव

आंबेगाव व जुन्नरच्या डोंगरात पडकई नावाची एक चाल आहे. उतारावरील जमिनीस दगडी ताल घालून भातखाचर तयार करणे एका कुटुंबास झेपत नाही. म्हणून काही कुटुंबे एकत्र येतात व आळीपाळीने एकमेकांच्या जमिनीवर काम करतात. आज माझ्या खाचरावर दहा माणसे, उद्या तुमच्या खाचरावर तीच दहा. मजुरी रोख नाही. श्रमाचे ऋण श्रमाने फिटते. देशावरील वाचकांस इर्जिकीची आठवण येईल. पुढे सरकारी कृषिखात्यानेही ह्याच नावाने खाचरे तयार करण्याचा कार्यक्रम हाती घेतला.

ह्या चालीत एक सूक्ष्म गुण आहे. दहा घरे मिळून ताल घालतात तेव्हा दहा डोळे उतार पाहतात. पाणी कोठून येते, कोठे मुरते, कोणता दगड हलवू नये, हे म्हातारी माणसे सांगतात. भाड्याच्या यंत्राने एकट्याने केलेल्या सपाटीकरणात ही चर्चा होत नाही. ३० जुलै २०१४ रोजी ह्याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. अतिवृष्टी हे त्याचे तात्कालिक कारण. यंत्रांनी उतार कापल्याचाही त्यात भाग होता काय, ह्याविषयी मतभेद झाले. तो वाद आम्ही येथे सोडवू पाहत नाही. परंतु शेतकऱ्याने एक गोष्ट गाठीस बांधावी. सातबारा जमिनीचा असतो, उताराचा नसतो. वरच्या शेतकऱ्याने आपल्या हद्दीत केलेला काप खालच्याच्या घरावर येऊ शकतो. म्हणून उतार ही देखील सामाईक वस्तू आहे, आणि तो कापण्यापूर्वी खालच्यास विचारणे हा शेजारधर्म नव्हे, तर नियम असला पाहिजे.

डिंभ्याचे पाणी

डिंभे धरणाच्या जलाशयाखाली अनेक गावांच्या जमिनी गेल्या. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव पडले ते गावही पाण्याखाली गेले. जमीन गेलेल्या कुटुंबांपुढे नवे पाणी उभे होते, पण त्यावर त्यांचा हक्क नव्हता. ‘शाश्वत’ ह्या संस्थेच्या साहाय्याने तेथील आदिवासींनी मच्छिमार सहकारी संस्था उभारली आणि जलाशयातील मासेमारीत आपला वाटा मिळविला. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या तज्ज्ञांनी पिंजऱ्यात मत्स्यबीज वाढवून मग ते जलाशयात सोडण्याचे शास्त्र तेथे आणले. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक ‘शाश्वत’ला मिळाले.

येथेही म्हणीतले तत्त्वच दिसते. बाहेरचा ठेकेदार ठेक्याची मुदत पाहून जाळे टाकतो. मुदत संपताना बोटभर मासळीही त्यास सोडवत नाही. ज्यास पुढील वर्षीही त्याच पाण्यावर पोट भरावयाचे आहे, तो बीज सोडतो व लहान मासळी परत पाण्यात टाकतो. मुदत व मन ह्यांचा असा निकट संबंध आहे.

कायद्याची बाजू

इंग्रजी अमदानीत १८७८ च्या व पुढे १९२७ च्या जंगल कायद्याने रानाची मालकी सरकारकडे गेली. गुरचरणीची व सरपणाची वाट अडल्याने रयतेचे जे हाल झाले, त्यांविषयी महात्मा फुले ह्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात तक्रार मांडली आहे. १९२७ च्या कायद्यात ग्रामवनाचे २८ वे कलम होते, पण त्याचा उपयोग फार थोडा झाला. रान सरकारचे झाले म्हणताच गावकऱ्याच्या मनातून ते उतरले. वणवा पेटला तर तो फॉरेस्ट गार्डचा प्रश्न झाला; आणि एवढ्या डोंगरास एक गार्ड कोठवर पुरणार? राखण एकाकडे, चाखण दुसऱ्याकडे, ही फारकत येथे कायद्यानेच केली.

१९८५ साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. शेकरूसाठी प्रसिद्ध असलेले हे अभयारण्य सुमारे १३० चौरस किलोमीटरांचे आहे. रानाचे रक्षण व्हावे हा हेतू योग्यच. परंतु ज्यांनी ते रान तोवर टिकविले होते त्यांच्या वहिवाटीवर त्यामुळे बंधने आली. १९९२ पासून महाराष्ट्रात संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समित्या निघाल्या. त्यांत गावास काम मिळाले, अधिकार मात्र बेताचाच. पुढे १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस गौण वनोपजाची मालकी दिली; त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ साली झाले. आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिमेकडील आदिवासी गावे ह्या क्षेत्रात मोडतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर ग्रामसभेस आपल्या वहिवाटीच्या रानाचे रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क मान्य केला, व तो अभयारण्यातही लागू आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गावास २००९ साली असा हक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घेतात. बैठक लांबते, पण ठरलेले मोडत नाही.

इतर ठिकाणचे दाखले

धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम ह्या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडून एका फडात एकच पीक घ्यावयाचे; कोणत्या फडात काय, हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे. पाणी कमी असले तर एखादा फड पडीक ठेवावयाचा. पाणी सोडण्यास पाटकरी नेमावयाचा व त्याचा मोबदला बागायतदारांनीच द्यावयाचा. पाटकरी शेतकऱ्यांचा चाकर असल्याने तो शेतकऱ्यांस जबाबदार असे. वरच्या अंगास मोठी धरणे झाली तेव्हा नद्यांचा प्रवाह घटला व ही पद्धत अनेक ठिकाणी क्षीण झाली. ह्यावरून असेही शिकावे की, गावाचा नियम कितीही चोख असला तरी वरच्या सत्तेने त्याची दखल घेतली नाही तर तो टिकत नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे ह्यांनी पाणी पंचायत सुरू केली. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने व कुटुंबास अडीच एकरांच्या मर्यादेत वाटले गेले; भूमिहीनासही वाटा मिळाला व उसास मनाई झाली. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी विंधनविहिरींस मनाई केली आणि त्या वर्षीच्या पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याचा प्रघात पाडला.

सातासमुद्रापलीकडेही हीच रीत दिसते. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल ह्या डोंगरी गावाने १५१७ साली असा नियम केला की, हिवाळ्यात आपल्या गोठ्यात जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडाव्या. मोजमाप किती सोपे! अधिकारी नको, कागद नको. शेजाऱ्याचा गोठा सर्वांस दिसतोच.

ग्रामसभेने करावयाच्या गोष्टी

वरील सर्व दाखल्यांचे सार काढले तर पुढील गोष्टी हाती लागतात :

१. हद्द ठरवावी. कोणते रान, कोणता ओढा आपल्या गावाचा, हे शिवेवर चालत जाऊन शेजारगावच्या पंचांसमक्ष पक्के करावे. कोणती घरे हक्कदार, ह्याचीही यादी असावी.

२. नियम जागेवरून करावे. हिरड्याचा नियम गवतास लावू नये, व दुसऱ्या गावचा नियम जसाच्या तसा उतरवून घेऊ नये. टोर्बेलचा नियम चांगला, कारण तो टोर्बेलच्या हिवाळ्यावर बेतलेला आहे.

३. ज्यांनी पाळावयाचे त्यांनीच ठरवावे. रानात सर्वांत अधिक जाणारी माणसे म्हणजे बायका. सरपण, पाणी व हिरडा ह्यांचे ज्ञान त्यांजकडे असते. त्यांस वगळून केलेला नियम कागदावरच राहतो.

४. राखणदार आपला असावा व त्याचा मोबदला ठरलेला असावा. पाळीपाळीने दोन घरांनी फेरी घालणे हाही मार्ग आहे. वणव्याच्या दिवसांत जाळरेषा काढण्याचे काम ह्याच पाळीत बसवावे.

५. दंड पायरीपायरीने वाढवावा. प्रथम समज, मग थोडा दंड, आणि वारंवार मोडणाऱ्याचा त्या वर्षीचा वाटा बंद. पहिल्याच चुकीस जबर दंड केला तर पंचांस तो वसूल करण्याचा धीर होत नाही, आणि न वसूल झालेला दंड नियमास मारतो.

६. तंटा गावातच, थोडक्या दिवसांत मिटावा. जे भांडण घोडेगावच्या कचेरीपर्यंत जाते त्यात रानाच्या किमतीहून खर्च अधिक होतो.

७. जमाखर्च उघड असावा. विक्रीची व दंडाची रक्कम वर्षातून दोनदा भरसभेत वाचून दाखवावी.

८. हक्काचा कागद मिळवावा. ग्रामसभेचा सामूहिक हक्क मंजूर करून घ्यावा, म्हणजे बाहेरील ठेकेदारापुढे किंवा बदलत्या अधिकाऱ्यापुढे गावास आपले म्हणणे टिकविता येईल.

जमीनदार वाचकांस एक शब्द

ग्रामसभेत ज्याची जमीन अधिक, त्याचा आवाज मोठा असतो. ज्याच्या बांधावर पन्नास हिरडे आहेत त्यास रानातील तोडणी वर्षभर बंद करणे सोपे वाटते. ज्याच्या गोठ्यास मालकीचे गवत आहे त्यास चराईबंदीचा ठराव मांडताना काही सोसावे लागत नाही. पण ज्या कातकरी किंवा भूमिहीन कुटुंबाची शेळी हीच सारी पुंजी आहे, त्याच्यावर त्या ठरावाचा सगळा भार पडतो. रान राखले जाते, आणि राखण्याची किंमत सर्वांत गरिबाकडून वसूल होते. असा नियम अन्यायाचा तर आहेच, परंतु तो टिकतही नाही. कारण ज्यास चाखावयास काहीच उरले नाही, तो रात्री कुऱ्हाड घेऊन जातो, व त्यास पकडून देणारा शेजारीही मिळत नाही. म्हणून चराईबंदी करावयाची तर बंद रानातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळीवाल्यास द्यावा. एक भाग बंद ठेवून दुसरा मोकळा ठेवावा व पाळीने बदलावा. पाणी पंचायतीने भूमिहीनास वाटा दिला तो केवळ दयेने नव्हे. ज्याचा वाटा आहे तोच पहारा करतो, ह्या व्यवहारज्ञानानेही होय.

त्याचप्रमाणे धरणाखालील बागायतदारांनीही आपल्याकडील पाणी वरच्या रानाच्या राखणीवर अवलंबून आहे, हे विसरू नये. पाण्याची पट्टी आपण भरतो, पण ज्याने उतारावर झाड राखले त्यास त्यातले काही पोहोचत नाही. पाणीवापर संस्थांनी वरच्या गावांच्या रोपवाटिकांस, जाळरेषांस व तालबंदीस दरसाल थोडे साहाय्य करावे, ही सूचना विचारार्ह आहे. गाळ काढण्याच्या खर्चापेक्षा गाळ न येऊ देण्याचा खर्च केव्हाही कमीच.

‘गाव करी ते राव न करी’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पूर्वी रावाने गावाच्या हातातून रान काढून घेतले होते, म्हणून गावास करण्यासारखे फारसे उरले नव्हते. आता कायद्याने ते पुष्कळ अंशी परत दिले आहे. ह्यापुढे रान उजाड झाले तर बोट दाखविण्यास दुसरा कोणी राहणार नाही. पुढील हिरड्याचा हंगाम येण्यापूर्वी प्रत्येक डोंगरी गावाने आपल्या ग्रामसभेत निदान एवढ्या तीन गोष्टी ठरवाव्या : तोडणीचा दिवस कोणता, बियाण्याची झाडे कोणती, आणि राखणीची पाळी कोणाची. आरंभास इतके पुरे आहे. नियम थोडे असावे, पण ते पाळले जावे. मोठ्या पोथीपेक्षा पाळलेली एक ओळ अधिक मोलाची.